न्यूयॉर्कच्या वकिलाचे मोडलेले मृत्युपत्र आणि त्यातून उभे राहिलेले ग्रंथालय

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांचे मामा निवृत्त वकील आहेत, अविवाहित आहेत. तालुक्याच्या गावी त्यांचे घर आहे, बँकेत ठेवी आहेत आणि हे सर्व त्यांना गावाला द्यायचे आहे. मृत्युपत्राचा मसुदा त्यांनी स्वतःच केला असून त्यातले मुख्य वाक्य असे आहे : ‘माझी उर्वरित सर्व मिळकत गावात मोफत ग्रंथालय काढण्याकरिता, अथवा माझ्या एक्झिक्युटरांना योग्य वाटेल अशा अन्य कोणत्याही सत्कार्याकरिता वापरावी.’ (एक्झिक्युटर म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करण्यासाठी नेमलेली व्यक्ती.) कोणीतरी त्यांना सांगितले की, अमेरिकेत एका नामांकित वकिलाचे अगदी अशाच धाटणीचे मृत्युपत्र न्यायालयाने रद्द ठरवले होते. हा वकील कोण, त्याचे मृत्युपत्र का रद्द झाले आणि मामांना त्यावरून काळजी करण्याचे कारण आहे का, असे विचारले आहे.

माझ्या वकिलीचा बराचसा काळ मृत्युपत्रे आणि सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट, यांच्या कामात गेला असल्यामुळे हे प्रकरण मी कनिष्ठ वकिलांना नेहमी सांगतो. त्या वकिलाचे नाव सॅम्युएल टिल्डन. ज्या चुकीमुळे त्यांचे मृत्युपत्र मोडले ती अडाण्याची चूक नव्हती, हेच या प्रकरणाचे वैशिष्ट्य आहे; म्हणून आधी माणूस सांगतो आणि मग मृत्युपत्राकडे वळतो.

टिल्डन यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८१४ रोजी न्यूयॉर्क राज्यातील न्यू लेबनन या खेड्यात झाला. घरचा औषधी अर्कांचा व्यवसाय होता. वडील एलाम टिल्डन राजकारणात रस घेणारे असल्यामुळे, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्यासारख्यांचा घरोबा होता. मुलगा लहानपणापासून आजारी असे. येल येथील शिक्षण प्रकृतीमुळे अर्धवट सुटले, नंतर न्यूयॉर्कमध्ये शिक्षण झाले आणि १८४१ मध्ये वकिलीची सनद मिळाली. वक्ता म्हणून त्यांचा प्रभाव पडत नसे. त्यांचे बळ कागद वाचण्यात होते, आणि ते किती होते हे दोन खटल्यांवरून कळते.

पहिला खटला न्यूयॉर्क शहराच्या हिशेबाधिकारी पदाच्या निवडणुकीचा. निवडून आलेले अझारिया फ्लॅग यांच्या निवडीला प्रतिस्पर्ध्याने आव्हान दिले होते. एका मतदान केंद्रावरील मते नोंदवताना अदलाबदल झाली, असे त्याचे म्हणणे होते आणि ते खोडून काढण्यासाठी लागणारा मूळ मोजणीचा तक्ता नेमका गहाळ झाला होता. टिल्डन यांनी उपलब्ध असलेल्या इतर पदांच्या मतांच्या आकड्यांवरून, निव्वळ बेरीज-वजाबाकीने, हरवलेला तक्ता नव्याने मांडून दाखवला आणि फ्लॅग यांचे पद राखले. दुसरा खटला १८५७ मधला. डॉ. हार्वी बर्डेल यांचा खून झाल्यानंतर त्यांच्या घरात राहणाऱ्या एका स्त्रीने आपण त्यांची विवाहित पत्नी असल्याचा दावा केला. टिल्डन मृताच्या रक्ताच्या नातेवाइकांचे वकील होते. थेट पुरावा नव्हता. त्यांनी शंभराहून अधिक साक्षीदार तपासून एकेका बारीक विसंगतीची साखळी अशी गुंफली की, तो विवाह झालाच नव्हता असे ठरले. म्हणजे वारसांचे भांडण कसे चालते, कोणत्या फटीतून दावा आत शिरतो, हे त्यांनी न्यायालयात उभे राहून पाहिले होते.

त्यांची संपत्ती मात्र या खटल्यांतून आली नाही. ती आली रेल्वेतून. डबघाईला आलेल्या रेल्वे कंपन्यांची देणी, रोखे आणि भागभांडवल यांची फेरमांडणी करून देणे हे त्यांचे खास काम झाले आणि त्यातील शुल्क व स्वतःची शहाणी गुंतवणूक यांवर ते लक्षाधीश झाले. या पैशाबद्दल त्यांच्या हयातीतच नाके मुरडली गेली. सेवाभावी वकिलाचे चित्र डोळ्यासमोर असेल तर टिल्डन त्यात बसत नाहीत, हे मान्य करूनच पुढे जावे.

त्यांचे सार्वजनिक नाव झाले ते ट्वीड टोळीच्या प्रकरणात. डेमोक्रॅटिक पक्षाचे शहरातील पुढारी विल्यम ट्वीड आणि त्यांच्या साथीदारांनी न्यूयॉर्क शहराची तिजोरी कंत्राटदारांच्या फुगवलेल्या बिलांमधून लुटली. टिल्डन त्याच पक्षाच्या राज्य समितीचे अध्यक्ष होते आणि त्यांनी उशिरा तोंड उघडले, हा आक्षेप माझ्या मते खरा आहे. वृत्तपत्रांनी १८७१ च्या जुलैमध्ये आकडे छापल्यानंतरच ते उघडपणे मैदानात उतरले. परंतु उतरल्यावर त्यांनी जे केले ते त्यांच्याखेरीज कोणाला जमले असते असे वाटत नाही. हिशेबाधिकारी रिचर्ड कॉनली यांना गाठून त्यांनी अँड्र्यू ग्रीन यांची उपहिशेबाधिकारी म्हणून नेमणूक करवून घेतली, त्यामुळे दप्तर विश्वासू माणसाच्या ताब्यात आले. मग ब्रॉडवे बँकेतील खाती आणि शहराने चुकती केलेली बिले शेजारी शेजारी ठेवून कोणत्या बिलाचा किती हिस्सा कोणाच्या खात्यात वळला, हे त्यांनी तारीखवार मांडले. ट्वीड यांच्या मर्जीतील न्यायाधीशांवर महाभियोग चालवण्यासाठी ते १८७२ मध्ये विधानसभेतही गेले. न्यूयॉर्क शहरातील वकिलांची संघटना १८७० मध्ये स्थापन झाली, तिच्या संस्थापकांमध्येही ते होते. अँड्र्यू ग्रीन हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

१ जानेवारी १८७५ पासून टिल्डन न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते आणि १८७६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. त्या निवडणुकीत देशभरातील मतांपैकी निम्म्याहून अधिक त्यांना मिळाली. प्रतिस्पर्धी रदरफर्ड हेज यांच्याहून सुमारे अडीच लाख जास्त. पण तिथे राष्ट्राध्यक्ष ठरतो तो राज्याराज्यांतून निवडलेल्या निर्वाचकांच्या मतांवर. ही निर्वाचक मते १८४ मिळाली, हवी होती १८५. उरलेल्या २० मतांवर वाद होता. तो सोडवण्यासाठी पंधरा जणांचा आयोग नेमला गेला, त्याने प्रत्येक वादग्रस्त मत आठ विरुद्ध सात अशा बहुमताने हेज यांना दिले आणि १८५ विरुद्ध १८४ असा निकाल लागला. देश पेटण्याच्या बेतात असताना टिल्डन यांनी त्या दिवसांतला बराच वेळ कशात घालवला, तर पूर्वीच्या सर्व निवडणुकांत निर्वाचक मतांची मोजणी कशी झाली याची टिपणे तयार करण्यात. मित्र चिडले. मला मात्र यात माणसाचा स्वभाव दिसतो : समोर प्रसंग कोणताही असो, उत्तर दप्तरात सापडेल अशी त्यांची श्रद्धा होती.

नंतरची नऊ वर्षे त्यांनी ग्रॅमर्सी पार्कवरील घरात आणि हडसन नदीकाठी यॉन्कर्स येथील ग्रेस्टोन या वाड्यात काढली. हात थरथरत, आवाज कुजबुजीइतका उतरला होता. त्यांनी लग्न केले नव्हते. ग्रंथसंग्रह मात्र मोठा होता. ४ ऑगस्ट १८८६ रोजी ग्रेस्टोन येथे त्यांचे निधन झाले. न्यू लेबननमधील त्यांच्या समाधीवर ‘माझा अजूनही लोकांवर विश्वास आहे’ अशा अर्थाचे वाक्य कोरलेले आहे.

आता मृत्युपत्र. ते २३ एप्रिल १८८४ चे असून जॉन बिगलो, जॉर्ज स्मिथ आणि वर उल्लेख केलेले अँड्र्यू ग्रीन हे तिघे त्याचे एक्झिक्युटर व विश्वस्त होते. नातेवाइकांना ठरावीक तरतुदी करून उरलेली मिळकत, म्हणजे मालमत्तेचा फार मोठा भाग, पस्तिसाव्या कलमाने सार्वजनिक कामाला दिली होती. त्या कलमाचा आशय असा : एक्झिक्युटरांनी विधिमंडळाकडून ‘टिल्डन ट्रस्ट’ नावाची संस्था स्थापन करवून घ्यावी, तिने न्यूयॉर्क शहरात मोफत ग्रंथालय व वाचनालय चालवावे, आणि मिळकत त्या संस्थेकडे सोपवावी. येथपर्यंत ठीक. पण पुढे असेही होते की, संस्था मुदतीत स्थापन झाली नाही, किंवा कोणत्याही कारणाने तिच्याकडे मिळकत सोपवणे एक्झिक्युटरांना योग्य वाटले नाही, तर त्यांच्या मते मानवजातीला अधिकाधिक व्यापक आणि भरीव लाभ देतील अशा धर्मादाय, शैक्षणिक व शास्त्रीय कामांकरिता ती वापरावी.

मुदतीचे बंधन टिल्डन यांनी बिनचूक सांभाळले होते. मिळकत अनिश्चित काळ बांधून ठेवता येत नाही हा नियम मोडू नये म्हणून त्यांनी दोन हयात व्यक्तींच्या आयुष्याचे माप घातले होते. कलमातली फट दुसरीकडे होती. इंग्लंडमध्ये धर्मादाय दान लाभार्थी अनिश्चित असले तरी टिकते, कारण तिथे १६०१ पासूनचा कायदा आणि राजसत्तेचे पालकत्व त्याच्यामागे उभे आहे. न्यूयॉर्क राज्याने स्वातंत्र्यानंतर तो इंग्रजी कायदा १७८८ मध्ये रद्द केला होता, १८२९ च्या संहितेने न्यासांवर आणखी मर्यादा घातल्या होत्या, आणि पुढच्या अनेक निकालांत तिथल्या न्यायालयांनी ठरवले होते की, ज्याला न्यायालयात येऊन ‘हे मला द्या’ असे म्हणता येईल असा निश्चित लाभार्थी नसेल तर न्यास टिकणार नाही. हे निकाल टिल्डन यांच्या ऐन वकिलीच्या काळातले आहेत. ते त्यांना ठाऊक नव्हते असे मानणे कठीण आहे.

जॉर्ज टिल्डन या पुतण्याने दावा लावला. एक्झिक्युटरांनी दरम्यान १८८७ मध्ये विधिमंडळाकडून संस्था स्थापन करवून घेतली आणि मिळकत तिच्याकडे सोपवण्याची तयारीही केली. त्यांचे म्हणणे सरळ होते : आम्ही पहिला पर्याय निवडला, संस्था अस्तित्वात आहे, मग अनिश्चितता कुठे राहिली? २७ ऑक्टोबर १८९१ रोजी राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने हे अमान्य केले. न्यायाधीशांमध्ये एकमत नव्हते, पण बहुमताचे तर्कशास्त्र असे होते की, दोन पर्याय वेगळे काढता येत नाहीत. कलम एकसंध आहे आणि त्यात संस्थेला मिळकत मागण्याचा हक्क कुठेच नाही. एक्झिक्युटरांनी दिली तर संस्थेला मिळेल, न दिली तर तिला तक्रार करता येणार नाही, आणि मानवजातीपैकी तर कोणालाच करता येणार नाही. मग मिळकत कुठे जावी हे ठरवणारी इच्छा मृताची राहिली नाही, एक्झिक्युटरांची झाली. मृत्युपत्र करण्याचा अधिकार असा दुसऱ्याच्या हाती देता येत नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे टिल्डन यांना आपल्या माणसांवर बंधन घालायचे नव्हते. ग्रीन यांनी ट्वीड प्रकरणात तिजोरी सांभाळली होती, बिगलो आयुष्यभराचे मित्र होते. परिस्थिती बदलली तर या शहाण्या माणसांचे हात मोकळे असावेत, एवढाच हेतू. आणि न्यायालयाने नेमकी तीच मोकळीक दोष ठरवली. याच शहरात, याच कायद्याखाली, जॉन जेकब अ‍ॅस्टर यांच्या मृत्युपत्रातून १८४८ नंतर ग्रंथालय उभे राहिले होते. त्यांनी ४,००,००० डॉलर ही रक्कम आणि विश्वस्त नेमून ठेवले होते. जेम्स लेनॉक्स यांनी १८७० मध्ये स्वतः हयात असतानाच संस्था नोंदवून घेतली होती. पीटर कूपर यांनीही आपली शिक्षणसंस्था १८५९ मध्ये, मृत्यूच्या चोवीस वर्षे आधी, सुरू करून दिली होती. या तिघांपैकी कोणीही वकिली करणारा नव्हता.

सगळे बुडाले कसे नाही, हा या कथेतला माझ्या दृष्टीने सर्वांत रंजक भाग आहे. निकाल येण्याआधीच विश्वस्तांनी लॉरा हॅझार्ड यांच्याशी समझोता केला होता. टिल्डन यांच्या बहिणीच्या शाखेकडून मिळकतीचा अर्धा वाटा त्यांच्याकडे येत होता. मृत्युपत्र रद्द झाले असते तर सर्व अर्धा भाग त्यांचाच. टिकले असते तर फारच थोडे. त्यांनी ९,७५,००० डॉलर घेऊन आपला हक्क ट्रस्टला लिहून दिला. त्यामुळे मृत्युपत्र मोडल्यावर विश्वस्तांच्या हाती मृत्युपत्राखाली काहीच उरले नाही, पण एका वारसाचा हक्क विकत घेतल्यामुळे सुमारे वीस लाख डॉलर उरले. वारसाने दावा करून दान मोडायचे आणि दुसऱ्या वारसाच्या हक्काने ते वाचायचे, असा योग मी तरी दुसऱ्या कोणत्या प्रकरणात पाहिलेला नाही.

या निकालाने लोकमत इतके क्षुब्ध झाले की, १८९३ मध्ये न्यूयॉर्क विधिमंडळाने कायदाच बदलला : लाभार्थी अनिश्चित असल्याच्या कारणावरून धर्मादाय दान यापुढे रद्द होणार नाही आणि लाभार्थींच्या वतीने राज्याचा महाधिवक्ता न्यायालयात उभा राहील. टिल्डन यांना त्याचा उपयोग नव्हता. पण वाचलेले वीस लाख ग्रंथालय उभारायला एकटे अपुरे होते, म्हणून बिगलो यांनी ते अ‍ॅस्टर आणि लेनॉक्स यांच्या संग्रहांशी जोडले आणि २३ मे १८९५ रोजी न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी ही एकत्रित संस्था जन्मली. बिगलो तिचे पहिले अध्यक्ष. जमीन व इमारत शहराने द्यायची, ग्रंथ संस्थेने, असे ठरले. पाचव्या अव्हेन्यूवर, क्रोटन जलाशयाच्या जागी, संगमरवरी इमारत उभी राहून २३ मे १९११ रोजी तिचे उद्घाटन झाले. टिल्डन जाऊन तेव्हा पंचवीस वर्षे होत आली होती. दर्शनी भागावर लेनॉक्स, अ‍ॅस्टर आणि टिल्डन ट्रस्ट ही तिन्ही नावे कोरलेली आहेत.

आता मामांचा प्रश्न. आपल्याकडेही ही अडचण होती आणि तिचा प्रमुख निकाल मुंबईच्याच प्रकरणातला आहे. रणछोडदास विरुद्ध पार्वतीबाई या दाव्यात मृत्युपत्रकर्त्याने मिळकत ‘धरम’ करण्यासाठी ठेवली होती. १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळी भारतातील खटल्यांची अखेरची अपिले ऐकणाऱ्या लंडनच्या न्यायपीठाने, ती तरतूद रद्द ठरवली. कारण धर्म या शब्दात कायदा, सद्गुण, कायदेशीर किंवा नैतिक कर्तव्य असे सगळेच येते आणि एवढ्या अनिश्चित हेतूची अंमलबजावणी न्यायालय कशी करणार? आपल्या भाषेत ज्या शब्दाइतका भरीव शब्द नाही तोच कायद्याला पोकळ वाटला, याची गंमत वाटते, पण न्यायाधीशांची अडचण खोटी नव्हती.

महाराष्ट्रात ही अडचण कायद्याने बरीचशी दूर केलेली आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम १० नुसार केवळ लाभार्थी किंवा उद्दिष्टे अनिश्चित आहेत एवढ्याच कारणावरून सार्वजनिक न्यास शून्य ठरत नाही, आणि स्पष्टीकरणात धर्म, धर्मादाय, पुण्यकार्य, पुण्यदान हे शब्द नाव घेऊन दिले आहेत. त्यामुळे मामांचे वाक्य १८९१ च्या न्यूयॉर्कमध्ये जसे कोसळले असते तसे येथे कोसळण्याची भीती नाही. तरीही मी ते वाक्य तसेच ठेवू देणार नाही. कलमातला ‘केवळ’ हा शब्द महत्त्वाचा आहे. शिवाय ‘एक्झिक्युटरांना योग्य वाटेल असे सत्कार्य’ यावर दावा लागला, तर निकाल मामांच्या बाजूने लागला तरी दरम्यानची वर्षे परत मिळत नाहीत. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात ‘समाजोपयोगी कार्य’ एवढ्याच शब्दांवर दोन एक्झिक्युटर एकमेकांविरुद्ध उभे राहिले. एकाला वसतिगृह हवे होते, दुसऱ्याला मंदिराचा सभामंडप, आणि वारस बाजूला बसून वाट पाहत होते.

एक गोष्ट संकोच न बाळगता सांगतो. मामा अविवाहित आहेत, आणि मृत्युपत्र टिकले नाही तर, त्यांचे आईवडील व भावंडे हयात नसल्यास, हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बहिणीची मुलेही वारसांत येतात. म्हणजे प्रश्नकर्ते स्वतः जॉर्ज टिल्डन यांच्या किंवा लॉरा हॅझार्ड यांच्या जागी आहेत. म्हणून मसुदा त्यांनी लिहू नये, साक्षीदार म्हणून सही करू नये आणि मामांना वकिलाकडे नेऊन सोडल्यावर आत बसू नये.

शक्य असेल तर मामांनी लेनॉक्स यांचा मार्ग धरावा : चार-पाच विश्वासू माणसे घेऊन आत्ताच छोटा न्यास करावा, तो धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवावा, त्यात थोडी रक्कम घालून वाचनालयाचे काम एखाद्या खोलीत सुरू करावे आणि मृत्युपत्राने उरलेली मिळकत त्या नोंदणीकृत न्यासाला नावानिशी द्यावी. घर हयातीत बक्षीसपत्राने देऊन टाकू नये, राहते घर आहे. आणि एकदा न्यासाचे झालेले घर पुढे विकायचे झाल्यास कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते, हेही त्यांना सांगावे. गावात आधीच चालू असलेले नोंदणीकृत वाचनालय असेल तर नवा न्यास काढण्यापेक्षा त्याच्याच नावे देणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

मृत्युपत्रातील वाक्य मग साधारण असे होईल : ‘माझी उर्वरित सर्व मिळकत मी अमुक नोंदणी क्रमांकाच्या अमुक न्यासाला, अमुक गावात मोफत सार्वजनिक ग्रंथालय चालवण्याकरिता देतो, सदर न्यास माझ्या मृत्यूसमयी अस्तित्वात नसल्यास हीच मिळकत अमुक संस्थेला त्याच हेतूकरिता मिळावी.’ दुसरा पर्याय ठेवायचाच असेल तर तोही असा नावाचा असावा, आणि पहिला पर्याय केव्हा संपतो हे एक्झिक्युटरांच्या मर्जीवर नव्हे, तर घटनेवर अवलंबून असावे. दोन साक्षीदारांच्या सह्या मामांच्या समक्ष व्हाव्यात. नोंदणी सक्तीची नसली तरी दुय्यम निबंधकांकडे ती करून घ्यावी आणि सही करताना मन शाबूत असल्याचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र त्याच दिवशीचे सोबत जोडावे.